किंबर्लीची एक्सपिडिशन क्रूझ: केबिन नंतर बघा, आधी भरतीचं कोष्टक उघडा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात ब्रूम ते डार्विन असा जो किनारा आहे ना, किंबर्लीचा, तिथं बहुतेक ठिकाणी गाडीरस्ता पोचतच नाही. हॉटेल नाही, धक्का नाही, मोबाईलला रेंज नाही. लाल वालुकाश्माचे कडे, खाऱ्या पाण्यातल्या मगरी, हजारो बेटं आणि दिवसातून दोनदा दहा-दहा मीटर चढणारं-उतरणारं पाणी. त्यामुळे हा किनारा बघायचा तर बोटीनंच, आणि आरामात बघायचा तर एक्सपिडिशन क्रूझनं, म्हणजे रबरी बोटींतून किनाऱ्यावर नेणाऱ्या जहाजानं. ही महागडी सफर आहे, दहा रात्रींना माणशी साधारण दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास सुरुवात होते आणि वरच्या सूटला त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातं. एवढे पैसे टाकताना लोक काय बघतात, तर बाल्कनी केवढी, बाथटब आहे का, शेफ कोण. माझं स्पष्ट मत आहे की इथं पैसे केबिनसाठी नसतातच, ते असतात रबरी बोटीतून योग्य वेळी योग्य जागी पोचण्यासाठी, आणि ती योग्य वेळ ठरवतो चंद्र. म्हणून हा लेख थोडा उलट्या क्रमानं लिहितोय.

आधी महिना ठरवा

सीझन छोटा आहे, एप्रिल अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. नोव्हेंबर ते एप्रिल तिथं पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा जहाजं जवळपास नसतातच. पण या पाच-सहा महिन्यांतही किनारा एकसारखा नसतो आणि एजंट हे सहसा सांगत नाही, कारण त्याला सगळ्याच तारखा विकायच्या असतात.

धबधबे बघायचेत तर एप्रिल अखेर, मे, फार तर जूनची सुरुवात. किंग जॉर्ज नदीवरचा जोड धबधबा साधारण ८० मीटर उंचीवरून सरळ खाडीत पडतो, मे महिन्यात बोट त्याच्या खाली नेली की सगळे चिंब. तोच ऑगस्टमध्ये बघाल तर कड्यावर नुसता ओला डाग, कधी तोही नाही. ब्रोशरमधला फोटो अर्थातच मे महिन्याचा असतो.

व्हेल बघायचेत तर जुलैचा शेवट ते सप्टेंबर. हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून पिल्लं घालायला इकडे वर येतात, आणि कॅम्डेन साउंड हा त्यांचा दक्षिण गोलार्धातला सगळ्यात मोठा सूतिकागृहाचा भाग समजला जातो, २०१२ साली त्यासाठीच तिथं सागरी उद्यान केलं. त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावरून लोक मधेच उठून पळत डेकवर जातात.

जून-जुलैला हवा सगळ्यात छान, कोरडी, रात्री चक्क थोडी गार, पण पूर्वेकडचे वारे जोर धरतात त्यामुळे उघड्या समुद्राच्या टप्प्यात जहाज हलतं. सप्टेंबर अखेर आणि ऑक्टोबरला उकाडा भयंकर वाढतो, दगडांवरून चालायचा कार्यक्रम नकोसा होतो. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा काळ मी तरी टाळेन.

मग चंद्र बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक लोक इकडे बघतसुद्धा नाहीत.

किंबर्लीसमोरचा समुद्र बराच दूरपर्यंत उथळ आहे, रुंद कॉन्टिनेंटल शेल्फ, त्यामुळे भरतीची लाट आत येताना फुगत जाते आणि अरुंद खाड्यांमधे आणखी वर चढते. डर्बी गावाजवळ फरक ११ मीटरच्याही पुढे जातो, ऑस्ट्रेलियातला सगळ्यात मोठा. पण हे रोज नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं तेव्हा हा फरक, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, असते तेव्हा तोच दोन-तीन मीटरवर येतो. म्हणजे त्याच जागी, त्याच जहाजानं, एक आठवडा अलीकडे-पलीकडे गेलात तर दोन वेगळे किनारे दिसतात.

आता याचा कशाकशावर परिणाम होतो बघा. टॅल्बट बेमधले हॉरिझाँटल फॉल्स, म्हणजे मॅक्लार्टी रेंजच्या दोन समांतर डोंगररांगांना एकेक चिंचोळी फट आहे, मोठी साधारण २० मीटर रुंद आणि आतली त्याच्या निम्मी. बाहेर भरती चढते पण फटीतून पाणी तेवढ्या वेगानं आत जाऊ शकत नाही, मग दोन्ही बाजूंच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो आणि समुद्र आडवा धबधब्यासारखा ओततो. ओहोटीला तेच उलट दिशेनं. उधाणाच्या दिवसांत हा प्रकार अंगावर येतो, आणि भांगाला पाणी नुसतं वेगानं वाहताना दिसतं, "एवढंच?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात ते याच दिवसांत गेलेले असतात.

दुसरी जागा माँटगोमरी रीफ, जवळपास ४०० चौरस किलोमीटरचा प्रवाळ. भरतीला तिथं काहीच दिसत नाही, सपाट समुद्र. पाणी उतरायला लागलं की अख्खा प्रवाळ समुद्रातून वर येतोय असं वाटतं, खरं तर पाणी खाली जात असतं, आणि कडांवरून शेकडो ओघळ मधल्या खोल पाटात कोसळायला लागतात, कासवं त्या पाटात डोकी वर काढतात, बगळे येऊन उभे राहतात. ओहोटी लागल्यावर, पाणी तळाला जायच्या काही तास आधी रबरी बोट तिथं असायला हवी. पूर्ण ओहोटीला पोचलात तर कोसळणं बरंचसं संपलेलं असतं.

तर करायचं काय: ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं, ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजी, आपल्या वेबसाईटवर ब्रूम, डर्बी वगैरे ठिकाणांची भरतीची कोष्टकं फुकट देतं. तुम्हाला दिलेल्या तारखा घ्या. ब्रूमहून निघणारं जहाज टॅल्बट बे आणि माँटगोमरीला साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतं, डार्विनहून निघालं तर सातव्या ते नवव्या. त्या दिवसांची तारीख अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस मागेपुढे पडतेय का बघा. पडत असेल तर ती फेरी घ्या, नसेल तर तीच कंपनी पुढच्या फेरीला उलट दिशेनं येणार असते, ती तपासा. पुढच्या वर्षीच्या तारखा असतील आणि कोष्टक अजून आलं नसेल तर साधं पंचांगही चालतं, तिथी बघा, काम झालं.

एक मात्र आहे, उधाणाला प्रवाह जोरात असल्यामुळे काही ठिकाणी किनाऱ्यावर उतरणं अवघड होतं आणि वेळा विचित्र येतात, पहाटे साडेपाचला बोटीत बसा वगैरे. सुट्टीत उशिरापर्यंत झोपायचं असेल तर भांगाचे दिवस घ्या, मी काही म्हणणार नाही.

आता जहाज

इथं मोठं-छोटं यानं खरंच फरक पडतो, आणि तो असा की एकावेळी किती लोक किनाऱ्यावर जाऊ शकतात. रबरी झोडियाक बोटीत साधारण दहा माणसं बसतात. ट्रू नॉर्थ जहाजावर पाहुणे फक्त ३६, कोरल अॅडव्हेंचररवर १२०, पोनां कंपनीच्या ले लापेरूजवर १८४, सीबोर्न पर्सूटवर २६४. मोठ्या जहाजावर गट पाडतात, पहिला गट माँटगोमरीला पाणी कोसळताना पोचतो आणि शेवटच्या गटाला उरलेलं मिळतं. चांगल्या कंपन्या गटांचा क्रम रोज फिरवतात, पण भरती काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून बुकिंगआधी मेल करून विचारा: एकावेळी किती जणांना बाहेर काढता, बोटी किती, गाईड किती, आणि गट फिरवता का. गोलमोल उत्तर आलं तर समजून घ्या.

गुडघे, कंबर यांचा त्रास असेल तर आणखी एक विचारा, बोटीत चढायचं कसं. झोडियाकमधे जहाजाच्या कडेच्या फळीवरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. कोरल कंपनीच्या जहाजांवर मोठ्या टेंडर बोटी आहेत ज्यात डेकवरूनच बसायचं आणि मग बोटच खाली पाण्यात सोडतात, ज्येष्ठांना हे फार सोपं जातं. उलट झोडियाक अगदी कड्याला चिकटून, छोट्या ओढ्यात शिरते, तिथं मोठी टेंडर मार खाते. दोन्ही हवं असेल तर दोन्ही प्रकारच्या बोटी असलेलं जहाज शोधा.

ट्रू नॉर्थवर स्वतःचं हेलिकॉप्टर असतं. बाकी बहुतेक ठिकाणी मिचेल फॉल्सची हेलिकॉप्टर फेरी बाहेरचे लोक चालवतात, वेगळे पैसे, थोडेथोडके नाहीत आणि जागा पटकन भरतात. चार टप्प्यांत पडणारा तो धबधबा समुद्रापासून आत आहे त्यामुळे हेलिकॉप्टरशिवाय पर्यायही नाही. जायचं तर सीझनच्या पहिल्या अर्ध्यातच जा.

केबिनबद्दल दोनच गोष्टी. मळमळीचा त्रास असेल तर मधली आणि खालच्या डेकची घ्या, तिथं हेलकावे सगळ्यात कमी. आणि अगदी पुढच्या टोकाची केबिन टाळा, पहाटे नांगराची साखळी सुटते तेव्हा छत कोसळल्यासारखा आवाज होतो. बाल्कनीचं म्हणाल तर दिवसाचा बराच वेळ तुम्ही बोटीत किंवा वरच्या डेकवर असता, संध्याकाळी गाईडचं लेक्चर असतं, मग जेवण, मग डोळे मिटतात. बाल्कनीचे पैसे वाचवून हेलिकॉप्टर करा.

किमतीत काय धरलंय

कोट आलं की बघायचं: ड्रिंक्स, वायफाय, टिप, किनाऱ्यावरच्या सगळ्या फेऱ्या, लॉन्ड्री. लक्झरी नावाखाली काही ठिकाणी सगळं धरलेलं असतं तर काही ठिकाणी फक्त जेवणाबरोबरची वाईन. एकटे जात असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्यानं केबिन घेतल्याची जादा रक्कम, विचारा, काही फेऱ्यांना ती माफ असते आणि हे आपणहून कुणी सांगत नाही. खाण्याचं पथ्य असेल तर फॉर्ममधे सविस्तर आणि महिनाभर आधी लिहा, कारण सगळा शिधा ब्रूमला किंवा डार्विनला एकदाच चढतो, वाटेत एकही दुकान नाही.

परवानग्यांचे पैसेही विचारून घ्या. वुनाम्बल गाम्बेरा या तिथल्या आदिवासी लोकांच्या भूमीवर उतरायला उंगू व्हिजिटर पास लागतो. कंपनी सहसा तो काढून देते, पण पैसे धरलेत की नाही ते बघा.

कागदपत्रं आणि इन्शुरन्स

भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो, सबक्लास ६००. ब्रूम ते डार्विन हा देशातला प्रवास झाला, पण काही फेऱ्या इंडोनेशिया किंवा पूर्व तिमोरला स्पर्श करून येतात किंवा तिथं संपतात, तसं असेल तर मल्टिपल एंट्री आहे का ते व्हिसावर नीट वाचा आणि त्या देशाचेही नियम बघा.

इन्शुरन्सवर कंजुषी नको. या किनाऱ्यावर कुणाला छातीत दुखलं तर जहाज वळवून उपयोग नसतो, हेलिकॉप्टर बोलवावं लागतं आणि ते बिल डोळे पांढरे करणारं असतं. पॉलिसीत क्रूझ कव्हर वेगळं घ्यावं लागतं का, मेडिकल इव्हॅक्युएशन धरलंय का, आणि हेलिकॉप्टर जॉयराईड वगळलीय का, हे तीन मुद्दे लेखी घ्या. जहाजावर डॉक्टर आहे का हेही विचारा, सगळ्या छोट्या जहाजांवर असतोच असं नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको.

आणि बूट घासून न्या. ऑस्ट्रेलियात उतरताना बुटाच्या तळाला चिकटलेली माती, बिया यावरून अडवतात. खाण्याचं काहीही असेल तर कार्डावर डिक्लेअर करा, डिक्लेअर केलेल्यावर सहसा फार तर ती वस्तू काढून घेतात, लपवलेल्यावर दंड.

बॅगेत

कमी न्या. सूट-बूट लागत नाही. पूर्ण बाह्यांचे पटकन वाळणारे चार-पाच शर्ट, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी (दोरी नसलेली पहिल्याच दिवशी समुद्रात जाते), चांगली पकड असलेले पाण्यात चालणारे सँडल आणि वेगळे बंद बूट. सँडफ्लाय नावाची बारीक चिलटं चावली की आठवडाभर खाजवतात, म्हणून रिपेलंट. कॅमेऱ्यासाठी तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग. ८ बाय ४२ ची दुर्बीण, आणि ती नवराबायकोत एक नको, दोन घ्या, मगर दिसल्यावर भांडण होतं. ऑस्ट्रेलियन प्लगचं अॅडॉप्टर घ्याच, पण जहाज युरोपियन असेल तर सॉकेट वेगळं असू शकतं, तेही विचारा. मळमळीच्या गोळ्या घरूनच, आणि त्या उघडा समुद्र यायच्या आधी घ्यायच्या असतात, सुरू झाल्यावर नाही. डार्विनच्या बाजूला जोसेफ बोनापार्ट गल्फ ओलांडताना बहुतेकांना लागतात.

बोटीत बसायचं तंत्र

हे पहिल्या दिवशी शिकवतात, पण आधी माहीत असलं की भीती कमी होते. लाइफ जॅकेट सगळ्यात वरून, कॅमेऱ्याचा किंवा पिशवीचा पट्टा त्याच्या वर नको, कारण ते आपोआप फुगणारं असलं तर पट्टा आवळतो. दोन्ही हात मोकळे, बॅग आधी खलाशाकडे द्या. त्याचा हात धरायचा नाही, मनगटाच्या वर कोपराकडे धरायचं, तोही तुमचा तसाच धरतो, घामानं किंवा पाण्यानं निसटत नाही. पाय फुगीर कडेवर, मग आत, मग लगेच खाली बसायचं आणि बसल्या बसल्या सरकत जायचं. उभं राहून फोटो काढायचा मोह होतो, चालकाला विचारल्याशिवाय नको.

किनाऱ्यावर उतरणं दोन प्रकारचं, कोरडं म्हणजे खडकावर पाय टाकायचा आणि ओलं म्हणजे कडेवर बसून पाय बाहेर फिरवायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. गाईड "आता" म्हणेल तेव्हाच. हात-पाय बोटीबाहेर पाण्यात सोडायचे नाहीत, हे गंमत म्हणून सांगत नाहीत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरंच आहेत आणि गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. समुद्रात पोहणं जवळजवळ बादच. धबधब्याच्या वर गोड्या पाण्याचे काही डोह असतात, गाईडनं परवानगी दिली तरच.

ठिकाणी पोचल्यावर

हॉरिझाँटल फॉल्समधून वेगात बोट काढायची ही पूर्वीची मोठी गंमत होती. २०२२ साली तिथं पर्यटकांच्या बोटीला अपघात होऊन बरेच जण जखमी झाले, आणि दाम्बिमंगारी लोकांना, ज्यांची ती भूमी आहे, फटीतून बोटी नेणं मुळातच नको होतं. २०२८ मध्ये ते पूर्ण बंद करायचं पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारनं ठरवलंय. बाहेर, प्रवाहाच्या तोंडाशी थांबून बघणं हेच मला जास्त आवडतं, पाणी कसं वागतंय ते कळतं तरी. फटीतून जाताना किंचाळण्यापलीकडे काही होत नाही.

गुहाचित्रांना वेळ द्या. राफ्ट पॉइंटला वांजिना आहेत, पाऊस आणि ढगांशी जोडलेल्या शक्ती, मोठे काळे डोळे, डोक्याभोवती वलय आणि तोंड नाही. ही चित्रं तिथल्या लोकांसाठी जिवंत आहेत, म्युझियममधली नाहीत, त्यामुळे आधी परवानगी, मग आत, आणि फोटोला नाही म्हटलं तर नाही. व्हॅन्सिटार्ट बेमधल्या जार आयलंडवर ग्वियन ग्वियन शैलीची चित्रं दिसतात, सडपातळ माणसं, डोक्याला उंच शिरोभूषणं, अगदी वेगळा हात. किंबर्लीतल्या एका कांगारूच्या चित्राचं वय त्यावरच्या गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्यांवरून काढलं, साधारण १७,३०० वर्षं. खडकाला हात लावू नका, बाटलीतलं पाणी शिंपडून रंग उजळवू नका, असं करणारे लोक अजूनही निघतात. चढण दगडांवरून असते, काठी न्या, निघायच्या आधी अर्धा लिटर पाणी पिऊन घ्या.

करीनिंग बेचं बाओबाबचं झाड चुकवू नका. किनाऱ्याचं सर्वेक्षण करणाऱ्या फिलिप पार्कर किंगचं मरमेड हे जहाज १८२० साली गळायला लागलं म्हणून तिथल्या वाळूवर ओढून दुरुस्त केलं, तेव्हा त्याच्या माणसांनी झाडावर जहाजाचं नाव आणि साल कोरलं, झाड वाढलं तशी अक्षरंही रुंदावत गेली. व्हॅन्सिटार्ट बेमधेच १९४२ साली वाट चुकून उतरलेलं लष्करी विमान पडलंय, मिठागरासारख्या सपाटीवरून चालत जावं लागतं, टोपी विसरू नका.

आणि छापील कार्यक्रमावर भरवसा ठेवू नका. वारा फिरला, पाणी कमी पडलं तर कॅप्टन दिवसच्या दिवस अदलाबदल करतो. रोज संध्याकाळी उद्याचा आढावा असतो, तिथं पुढच्या रांगेत बसा आणि ओहोटी किती वाजता हे स्वतः लिहून ठेवा. चांगला एक्सपिडिशन लीडर भरतीचा आलेख दाखवूनच बोलतो.

येणं-जाणं

ब्रूमला पर्थहून विमानानं दोन-अडीच तास. निदान एक दिवस आधी पोचा, कारण जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, ब्रूमच्या धक्क्यावरही पाण्याच्या हिशेबानंच सुटतं आणि चढायची वेळ त्यामुळे आदल्या दिवशीही बदलू शकते. डार्विनला उतरताना त्याच सकाळचं विमान घेऊ नका, दुपारनंतरचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या. डार्विनचं घड्याळ ब्रूमपेक्षा दीड तास पुढे आहे, जहाज वाटेत कधीतरी रात्री वेळ बदलतं, रेंज नसल्यामुळे तुमचा फोन मात्र जुनीच वेळ दाखवत राहतो, तेव्हा उतरायच्या आदल्या रात्री गजर केबिनमधल्या घड्याळावर लावा.